भाऊजींनी खूण कोरणं सोडलं

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्हाला वाटेल की या गृहस्थाला कुणाचं चांगलं बघवत नाही. बघवतं, पण आधी ते उलटंसुलटं करून तपासतो आणि मग बघतो. दूधवाला हसून बोलला की मी पातेल्यात डोकावतो. आई म्हणते, तू रांगायला लागलास तेव्हाही हात टेकायच्या आधी जमीन चाचपायचास.

त्यामुळे आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एकाएकी शांत झाले तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं आणि मी कान टवकारले. हा माणूस मूळचा तापट. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कामाच्या जागचा नळ गळायचा तर नळाशी भांडायचे. ताईच्या हातून कप फुटला तर कपाची बाजू घेऊन तासभर बोलायचे. आणि एका हिवाळ्यात हे सगळं थांबलं. कप फुटला, भाऊजींनी तुकडे गोळा केले, ‘लागलं नाही ना?’ एवढं विचारलं आणि जेवायला बसले. ताईनं घाबरून मला फोन केला.

‘अरे, यांना काहीतरी झालंय.’

‘झालं नसेल, यांनीच काहीतरी केलं असेल,’ मी म्हणालो. ‘कुठंतरी पाणी मुरतंय.’

दर रविवारी सकाळी दहा वाजता ते ‘जरा बसून येतो’ म्हणून बाहेर पडायचे. बसायला घरात खुर्च्या नव्हत्या का? माझ्या मनात जे आलं ते कुठल्याही मेहुण्याच्या मनात आलं असतं. एका रविवारी मी त्यांच्या मागोमाग गेलो. ते वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चढले, मी वर्तमानपत्रांच्या घोडीमागे उभा राहिलो. बाई निघाली खरी, पण सत्तरीची. समोर सात-आठ माणसं खुर्च्यांवर बसलेली. फोटो नाही, फुलं नाहीत, दानपेटी नाही. दानपेटी नाही हे बघून माझा संशय दुप्पट झाला. जो आधी काहीच मागत नाही तो नंतर सगळंच मागतो, असा माझा अनुभव आहे.

ती बाई जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेली होती. ‘चाळीस वर्षं मी जमिनीत खुंट्या ठोकल्या,’ ती सांगत होती. ‘हे याचं, ते त्याचं. खुंटीखाली जमीन दुभंगलेली मात्र एकदाही दिसली नाही. तुम्ही आणि समोरचा माणूस यांच्यामध्ये खुंटी कुणी ठोकली ते घरी भांडी घासताना बघा. इथं बसून बघू नका, इथं सगळेच शहाणे असतात.’

भाऊजींनी घरी जाऊन खरंच भांडी घासली. त्या दिवसापासून रोज. अद्वैत म्हणतात ते आमच्या ताईच्या घरात मोरीतून आत शिरलं. ताईला पहिले पंधरा दिवस मजा वाटली, मग ती कुरकुरायला लागली. ‘पूर्वी घरात भांडायला तरी माणूस होता रे. आता मी ओरडले की हे माझ्याकडे असं बघतात, की ओरडतंय कोण हे मलाच आठवेनासं होतं.’

मी म्हणालो, ‘लक्ष ठेव. मीही ठेवतो.’

मला ते सोपं होतं, कारण आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला होतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमच्या दोघांची पोटं त्याच्यावरच भरत होती. दातांचे दवाखाने तोंडाची मापं पाठवायचे आणि आम्ही त्यांच्यावरून कवळ्या करायचो. आधी मापात प्लास्टर ओतून जबडा काढायचा. त्या जबड्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, दात बसवायचे, दवाखान्यात एकदा तोंडात घालून बघायचे. पसंत पडलं की परत आणून साच्यात बंद करायचं, मेण उकळून काढायचं आणि त्याच्या जागी पक्का गुलाबी माल भरायचा. भाऊजी शांत होण्याच्या चार वर्षं आधी त्यांनीच शब्द टाकून मला तिथं चिकटवलं आणि काम शिकवलं. आम्ही दोघं, दोन मुली आणि मालकीणबाई, एवढाच पसारा.

तिथली एक पद्धत होती. कवळी ज्याच्यासाठी त्याचा नंबर ट्रेवर चिकटवलेला असायचा, पण काम कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकानं आपापली खूण प्लास्टरच्या तळाला कोरायची. माझी फुली, भाऊजींचा त्रिकोण. कवळी तयार झाली तरी तो तळ फेकायचा नाही. माणूस नीट जेवू लागला असा दवाखान्यातून निरोप येईपर्यंत तो फळीवर राहायचा. निरोपाऐवजी तक्रार आली, की मालकीणबाई तळ उलटा करून बघायच्या आणि ज्याची खूण त्याला आत बोलवायच्या.

शांत झाल्यावर दोन-तीन महिन्यांत भाऊजींनी खूण कोरणं सोडलं. मालकीणबाईंनी विचारलं तर म्हणाले, ‘माप डॉक्टरनं घेतलं, प्लास्टर मुलींनी ओतलं, दात मी बसवले, पॉलिश जो मोकळा असेल तो करणार. त्याच्यावर मी माझ्या एकट्याची खूण कशी करू?’ त्या हसल्या. भाऊजींचा हात सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चांगला, म्हणून त्यांनी डोळेझाक केली.

मला मात्र हसू आलं नाही. वा रे वा! खूण नाही म्हणजे चूकही नाही. कवळी परत आली तर कुणाची? तर कुणाचीच नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. मी फुली आणखी खोल कोरायला लागलो.

त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या दोन कवळ्या एकाच मोसमात परत आल्या. मला ते मनाला लागलं. आणि त्याच सुमारास मी एक गोष्ट पाहिली. चहाच्या वेळेला सगळे अंगणात जायचे, भाऊजी सगळ्यांत शेवटी यायचे. एक दिवस मी चष्मा विसरलो म्हणून परत वळलो, तर दाराच्या काचेतून दिसलं, भाऊजींच्या हातात माझा ट्रे होता. माझ्या मेणावर ते सुरी चालवत होते. मी आत पाऊल टाकेपर्यंत ट्रे जागेवर आणि हे हात धुताहेत.

‘काय करत होता?’

‘काही नाही. चल, चहा गार होईल.’

काही नाही! त्या दोन कवळ्या परत का आल्या याचा मला उलगडा झाला, असं मला वाटलं. माझं काम बिघडवायचं, आपण खूण न करता नामानिराळं राहायचं आणि रविवारी जाऊन डोळे मिटून बसायचं. मांजरही डोळे मिटूनच दूध पितं. मी ताईला सांगितलं नाही, कारण पुरावा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात मालकीणबाईंनी सगळ्यांना उभं केलं. सगळ्यांत मोठ्या दवाखान्यानं पत्र पाठवलं होतं, आमचं निम्मं काम तिथूनच यायचं. आता आणखी एक चुकीची कवळी आली तर काम बंद, असं त्यात होतं. ‘आता तिथून जे परत येईल,’ मालकीणबाई म्हणाल्या, ‘ते ज्याचं असेल त्यानं दुसऱ्या दिवशी यायचं नाही. मला दवाखान्याला एक नाव द्यावं लागेल.’ बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, किंवा मला तसं वाटलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. घरात आई आणि मी, दुसरं कुणी कमावणारं नाही. भाऊजींनी बिघडवलेलं काम उद्या परत आलं तर तळाला माझी फुली असणार आणि त्यांच्या स्वतःच्या तळांना काहीच नसणार. मग मी ठरवलं की त्यांना खूण करायची नसेल तर त्यांच्यासाठी आपणच करू. ज्याचं त्याच्या पदरात.

चहाच्या वेळेला मी डोकं दुखतंय म्हणून आत थांबलो. त्या दिवशी भाऊजीही बाहेर होते, मालकीणबाईंनी त्यांना दवाखान्याच्या माणसाशी बोलायला थांबवलं होतं. त्यांच्या जागेवर दोन ट्रे तयार होते, एका निवृत्त नर्सबाईंचा आणि एका फुलवालीचा. मेणातले दात दोघींच्या तोंडात घालून बघून झालेले, आता नुसतं साच्यात बंद करायचं. मी दोन्ही ट्रेंमधले खालचे जबडे उचलले, उलटे केले आणि तळाला त्रिकोण कोरला. नंतर वरचे कोरायचे होते, तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. चोराच्या मनात चांदणं. मी हातातले दोन्ही जबडे घाईघाईनं ट्रेमध्ये ठेवले आणि नळाखाली डोकं धरलं.

दोघी साधारण एका वयाच्या, एका चणीच्या. मी नर्सबाईंचा जबडा फुलवालीच्या ट्रेमध्ये ठेवला आणि फुलवालीचा नर्सबाईंच्या.

हे मला तेव्हा कळलं नाही. दवाखान्याला घाई होती, भाऊजींनी तासाभरात चारही साचे बंद केले. दुसऱ्या दिवशी पॉलिशला मीच मोकळा होतो. वरची कवळी खालचीवर ठेवून मिटवून बघावी, असं भाऊजींनी मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या दिवशी मी ते केलं नाही. एकेक घासली, चमकवली आणि डबीत भरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा माणूस दोन्ही डब्या घेऊन दारात उभा. नर्सबाईंच्या तोंडात दुसऱ्याच बाईची कवळी घातली होती, ती बसेना म्हणून दाबली आणि हिरडीतून रक्त आलं. मालकीणबाईंनी फळीवरचे तळ काढून टेबलावर उलटे ठेवले.

‘त्रिकोण,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे परत खूण करायला लागलात वाटतं?’

भाऊजींनी तळ हातात घेऊन त्रिकोणावरून अंगठा फिरवला. मी डावखुरा आहे, माझ्या रेघा उलट्या बाजूला कलतात. सात वर्षं माझा हात त्यांनी बघितला होता. त्यांनी ट्रेचे नंबर बघितले, वरच्या जबड्यांचे कोरे तळ बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. कुणी ते जबडे उचलले, कशासाठी उचलले आणि ते बदलले कसे, सगळं.

मी वाट बघत होतो. आता नाव घेतील. घेतलंच पाहिजे, कोण घेणार नाही? मी मनातल्या मनात उत्तरंसुद्धा तयार केली होती.

‘माझंच काम आहे,’ भाऊजी म्हणाले.

‘दवाखाना नाव मागतोय,’ मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना ते जड गेलं, हे दिसत होतं.

‘द्या माझं.’

त्यांनी एप्रन काढून खुंटीला अडकवला, दोन्ही मुलींना ‘नीट राहा’ म्हणाले आणि गेले. लाज वाटली म्हणावं तर पहिला विचार काय आला ते ऐका. यात यांचा डाव काय असेल?

तीन आठवडे मी तो डाव शोधत होतो. ‘माझ्या हातून चूक झाली,’ एवढंच भाऊजींनी ताईला सांगितलं. ताई मला फोन करून रडली. ‘भेद नाही, भेद नाही म्हणणाऱ्याच्याच ताटातलं कसं रे जातं नेहमी?’ मी ‘हूं’ म्हणालो.

आणि त्याच तीन आठवड्यांत माझ्या चार कवळ्या परत आल्या, नशिबानं लहान दवाखान्यांतून. मोठी चूक एकीतही नव्हती. सगळ्यांची तक्रार एकच, खालच्या कवळीची आतली, जिभेकडची कड उजव्या बाजूला टोचते. मालकीणबाई म्हणाल्या, ‘अहो, मागची दोन कामं सोडली तर सात वर्षांत तुमच्या कडेबद्दल तक्रार नव्हती. आत्ताच काय झालं?’

मी जागेवर येऊन बसलो. समोर माझा ट्रे होता. मेणाच्या कडेवरून मी बोट फिरवलं, ती सुरीच्या पात्यासारखी लागली. चहाच्या वेळेला भाऊजी माझ्या ट्रेमध्ये काय करत होते ते मला समजलं. रोज, सात वर्षं. पूर्वी जी दोन कामं परत आली होती, ती बहुधा भाऊजी तापानं आजारी होते त्या आठवड्यातली. मी तारखा आठवून बघितल्या, आणि तीच होती.

रविवारी मी ताईकडे गेलो. ताई कपड्यांना इस्त्री करत होती, भाऊजी वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, ‘तो त्रिकोण मी कोरला होता. जबडे माझ्या हातून बदलले.’

ताईनं इस्त्री उभी ठेवली. ‘यांना माहीत होतं?’

‘होतं,’ भाऊजी म्हणाले.

‘आपलेच दात आणि आपलेच ओठ,’ ताई खाली बसली. ‘आता मी कुणाला बोलू?’ मग तिनं दोघांनाही बोलून घेतलं, नावनिशीवार, पंधरा मिनिटं. ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

ती थांबल्यावर मी भाऊजींना विचारलं, ‘का केलंत? तुम्हाला राग नाही आला?’

‘आला की. अजून आहे.’ त्यांनी एक शेंग उगीचच जोरात फोडली. ‘मला वाटलं, तुझं नाव घ्यावं. मग तुझा चेहरा बघितला. इतका घाबरलेला, की ती भीती माझ्याच पोटात आली. मग कुणाला सोडवावं ते मला वेगळं करता येईना. पण खोटं बोललो ते चुकलंच. हे आम्हां दोघांकडून झालं, असं म्हणायला हवं होतं. तेवढं सुचलं नाही.’

मी त्यांच्याकडे निरखून बघितलं. कुठं चोरी सापडते का म्हणून, सवयीनं. सापडली नाही.

सोमवारी मी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘उद्यापासून त्यांना यायला सांगा. तुम्ही मात्र येऊ नका.’ मी ताईच्या घरी जाऊन निरोप दिला, त्याचा दुसरा अर्धा भागही दिला. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भाऊजी ओरडले. जुन्या आवाजात, भांडी वाजतील असे. ‘गाढवा! मग माझ्या खोट्याचा उपयोग काय झाला?’ ताईला इतकं बरं वाटलं, की ती हसायला लागली.

मंगळवारी संध्याकाळी भाऊजी कामावरून थेट आमच्याकडे आले. नखांत प्लास्टर, हातात पिशवी. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक जुना जबडा, मेणाची पट्टी, दिवा आणि सुरी मांडली. आईला वाटलं जेवायला आलेत, तिनं ताट आणलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

‘पुलापलीकडे एक कवळीवाला आहे, त्याला माणूस हवाय,’ ते म्हणाले. ‘गुरुवारी तो तुझ्याकडून खालचा जबडा करून घेणार. मी त्याला सांगितलंय, माणूस संशयी आहे, पण शिकेल. बस इथं.’

मी बसलो. मेण चढवलं, कड वळवली. त्यांनी अंगठा फिरवला.

‘चुकलं. तू डावखुरा आहेस, उजव्या बाजूला तुझं मनगट अडतं आणि हात लवकर थांबतो. हे मला सात वर्षं माहीत होतं.’

‘मग सांगितलं का नाहीत?’

‘तू तोंड पाडतोस, वाद घालतोस. त्यापेक्षा आपणच दोन मिनिटांत नीट करावं. पूर्वी कंटाळा म्हणून करायचो. नंतर त्याला मोठं नाव दिलं, याचा हात आणि माझा हात काय वेगळे आहेत.’ त्यांनी दिवा माझ्याकडे सरकवला. ‘तुला मदत करतोय असं वाटायचं मला. तुझा हात मी कच्चा ठेवला. कर परत.’

मी परत केलं. परत चुकलं. चौथ्या वेळेला त्यांचा हात सुरीकडे गेला. दोन मिनिटांचं काम होतं, त्यांच्या बोटांना ते डोळे मिटूनही जमलं असतं. मी जबडा माझ्याकडे ओढायच्या आत त्यांनीच हात मागे घेतला, आणि मग शाळेतल्या मुलांसारखे दोन्ही हात मांडीखाली दाबून ते त्यांच्यावर बसले. एक्कावन्न वर्षांचा माणूस, आमच्या टेबलाशी, स्वतःच्या हातांवर बसलेला. कड वळताना माझं मनगट अडलं की त्यांचा खांदा हलायचा, पण हात बाहेर यायचे नाहीत. माझ्यासाठी इतकं कुणी, कधी, केलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढचं मेण धूसर झालं.

‘डोळे पूस आधी,’ भाऊजी म्हणाले. ‘नाहीतर कड वाकडी येईल, आणि ती तुझी तुलाच सरळ करावी लागेल.’